अपरिमेय संख्यांची वजाबाकी

जी वास्तव संख्या दोन पूर्णांकांच्या गुणोत्तराच्या रूपात लिहिता येत नाही, ती अपरिमेय. √२, √३, सुवर्ण गुणोत्तर, पाय आणि नैसर्गिक लॉगरिथमचा आधार ई ही तिची नेहमीची उदाहरणे. अशा संख्यांची वजाबाकी शालेय गणितात करणींच्या, म्हणजे √२ सारख्या मुळाच्या रूपातल्या अपरिमेय संख्यांच्या, प्रकरणात येते आणि दोन-चार उदाहरणांत उरकली जाते. क्रिया खरोखरच सोपी आहे. आलेले उत्तर परिमेय की अपरिमेय, हे ठरवणे मात्र दर वेळी सोपे नसते; काही वजाबाक्यांच्या बाबतीत तर ते अजून कोणालाच ठरवता आलेले नाही.

मुळात ही वजाबाकी करायची कशी, हा प्रश्नही वाटतो तितका भाबडा नाही. कागदावर आपण उजवीकडच्या शेवटच्या अंकापासून सुरुवात करतो आणि गरज पडली की शेजारून हातचा घेतो. अपरिमेय संख्येचे दशांश रूप अखंड आणि अनावर्ती असल्याने तिला उजवे टोकच नसते. म्हणून उत्तर एकदम हाती येत नाही. ते हवे तितके जवळ आणावे लागते. √३ आणि √२ सहा दशांश स्थळांवर छाटले, तर १.७३२०५० − १.४१४२१३ = ०.३१७८३७. दोन्हीकडचा छाटलेला भाग एक दशलक्षांशाहून लहान आहे, त्यामुळे उत्तरातली चूकही तेवढ्याच्या आत राहते. आणखी स्थळे घेतली की चूक आणखी आवळते. या ‘जवळ जाण्या’ला पक्का तार्किक पाया मिळाला तो १८७२ मध्ये, रिखार्ड डेडेकिंड आणि गेओर्ग कँटर यांनी स्वतंत्रपणे केलेल्या वास्तव संख्यांच्या मांडणीमुळे.

प्रत्यक्ष उदाहरणे सोडवताना दशांशांच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. मुळे तशीच ठेवायची आणि सरूप करणी शोधायच्या. दोन करणींची कोटी (वर्गमूळ, घनमूळ वगैरे) आणि सोप्या रूपातली करणीस्थ, म्हणजे मूळचिन्हाखालची, संख्या एकच असेल, तर त्या सरूप. त्यांचे फक्त सहगुणक वजा होतात. ७√५ − ३√५ = ४√५. कधी सारखेपणा दडलेला असतो. √५० आणि √८ वेगळ्या दिसतात, पण √५० = ५√२ आणि √८ = २√२, म्हणून वजाबाकी ३√२. तसेच घनमुळांचे : ∛५४ − ∛१६ = ३∛२ − २∛२ = ∛२. सोपे रूप देऊनही करणी सरूप होत नसतील, तर √७ − √३ हेच उत्तर. तिथे काहीतरी अपुरे राहिले असे विद्यार्थ्यांना वाटते आणि मग हात शिवशिवतात.

त्यातूनच √७ − √३ = √४ = २ ही चूक होते. वर्गमूळ वजाबाकीवर वाटले जात नाही : √२५ − √९ म्हणजे ५ − ३ = २, पण √(२५ − ९) = ४. अ ही ब पेक्षा मोठी आणि दोन्ही धन असतील, तर √अ − √ब ही √(अ − ब) पेक्षा नेहमी लहानच असते. दोन्हींचे वर्ग करून पाहिले की कारण दिसते; वर्गांतला फरक २√ब(√अ − √ब) इतका निघतो आणि तो धन आहे.

मुळे एकाच चिन्हाखाली आणायचीच असतील तर त्याची रीत भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘बीजगणिता’त दिली आहे. दोन करणीस्थ संख्यांची बेरीज ही ‘महती’, गुणाकाराच्या वर्गमुळाची दुप्पट ही ‘लघु’. वजाबाकीसाठी महतीतून लघु वजा करायची. त्यांचेच २७ आणि ३ चे उदाहरण घेऊ. महती ३०, गुणाकार ८१, त्याचे मूळ ९, म्हणून लघु १८. ३० − १८ = १२, म्हणजे √२७ − √३ = √१२. आजच्या रीतीने ३√३ − √३ = २√३; उत्तर तेच. गुणाकाराला पूर्ण मूळ नसेल, जसे ३ आणि ७ बाबत २१ ला नाही, तर करणी वेगवेगळ्या ठेवाव्यात असेही ते सांगतात. वरच्या चुकीवर यापेक्षा नेमका उतारा सापडणे कठीण.

आता उत्तराच्या जातीविषयी. परिमेय आणि अपरिमेय यांची वजाबाकी कधीच परिमेय येत नाही. समजा, ५ − √३ परिमेय आहे. तर ५ मधून ती परिमेय संख्या वजा केली की √३ उरते, म्हणजे √३ परिमेय ठरते, आणि हे खोटे आहे. दोन्ही संख्या अपरिमेय असल्या की मात्र असा नियम उरत नाही. (५ + √३) − √३ = ५, आणि √२ − √२ = ०. अपरिमेय संख्यांचा संच वजाबाकीसाठी बंदिस्त नाही, म्हणजे उत्तर संचाबाहेर जाऊ शकते, ते यामुळेच. √३ − √२ चे काय? ती परिमेय असती तर तिचा वर्ग ५ − २√६ हाही परिमेय, आणि मग √६ परिमेय मानावी लागली असती. म्हणजे ही वजाबाकी अपरिमेयच. अशा शेषांचा पद्धतशीर विचार युक्लिडच्या ‘एलेमेंट्स’च्या दहाव्या खंडात आहे, तिथे त्यांना ‘अपोटोमे’ हे नाव देऊन सहा प्रकार पाडले आहेत.

सुवर्ण गुणोत्तर १.६१८०३३९… आणि त्याचा व्यस्त ०.६१८०३३९… यांतला फरक बरोबर १ आहे. दशांश चिन्हापुढचे सगळे अंक शेवटपर्यंत तेच. दोन अपरिमेय संख्यांची वजाबाकी पूर्णांक येते ती नेमकी अपूर्णांकी भाग जुळतात तेव्हाच, पण हा मेळ प्रत्येक वेळी असा उघड दिसत नाही. जेरोलामो कार्दानोने १५४५ मध्ये ‘क्ष³ + ६क्ष = २०’ या समीकरणाचे उत्तर ∛(√१०८ + १०) − ∛(√१०८ − १०) असे दिले. दिसायला भयंकर, किंमत मात्र २! (√३ + १) चा घन १० + ६√३ येतो आणि ६√३ म्हणजेच √१०८, हे लक्षात आले की पहिले घनमूळ √३ + १, दुसरे √३ − १, आणि √३ कटून जाते.

आकडेमोडीत एक धोका संभवतो. √१०००२ आणि √१०००१ दोन दशांश स्थळांपर्यंत घेतले तर १००.०१ आणि १००.००, वजाबाकी ०.०१. खरे उत्तर सुमारे ०.००४९९९६, म्हणजे आलेले उत्तर खऱ्याच्या जवळपास दुप्पट. जवळजवळ समान संख्या वजा करताना पुढचे जुळणारे अंक एकमेकांना खातात आणि मागे निव्वळ पूर्णांकनाची चूक उरते. यावर उपाय अनुबद्ध जोडीचा : √अ − √ब ला √अ + √ब ने गुणून भागले की (अ − ब) ÷ (√अ + √ब) असे रूप मिळते. इथे ते १ ÷ २००.०१, म्हणजे सुमारे ०.००४९९९८, तेच दोन स्थळांचे आकडे वापरूनही उत्तर जवळपास अचूक. छेदाचे परिमेयीकरण वर्गात केवळ शिस्त म्हणून शिकवले जाते, त्याच ओळखीचा हा उलटा आणि जास्त कामाचा उपयोग.

करणींपलीकडे गेले की हत्यारे बोथट होतात. ई अपरिमेय असल्याचे लेओनार्ड ऑयलरने १७३७ मध्ये, तर पाय अपरिमेय असल्याचे योहान लॅम्बर्टने १७६१ मध्ये सिद्ध केले. पाय − ई ची किंमत ०.४२३३१०८… आहे, आणि ती कितीही स्थळांपर्यंत काढता येते. ती अपरिमेय असणार असे सर्वांनाच वाटते. सिद्धता मात्र नाही. इतके नक्की म्हणता येते, की पाय − ई आणि पाय + ई यांपैकी किमान एक अपरिमेय आहे, कारण दोन्ही परिमेय असत्या तर त्यांची बेरीज, म्हणजे पायची दुप्पट, परिमेय आली असती. गंमत अशी, की ई च्या पायाव्या घातातून पाय वजा केल्यास १९.९९९०९९९… अशी २० ला खेटून बसणारी, जास्त अवघड वाटणारी संख्या मिळते आणि तिचा निकाल लागलेला आहे. पाय आणि ई चा पायावा घात यांना परिमेय सहगुणकांच्या कोणत्याही बहुपदी समीकरणाने जोडता येत नाही, असे यूरी नेस्टेरेंको यांनी १९९६ मध्ये दाखवले. त्यावरून ही वजाबाकी अपरिमेय ठरते.