डोळ्यांची झेप मंदावते तेव्हा

वाचताना डोळा ओळीवरून अलगद सरकत जातो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो बारीक बारीक उड्या घेत जातो. पॅरिसचे नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत १८७०च्या दशकाअखेरीस हे लक्षात आलं. पुढे या उडीला 'सॅकाड' म्हणू लागले. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ हिसका.

मेंदूच्या ऱ्हासाशी या उड्यांचा संबंध मात्र बराच उशिरा जुळला. १९६४मध्ये टोरांटोच्या स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की यांनी एका वेगळ्याच आजाराचं वर्णन केलं. त्यातल्या रुग्णांना खाली-वर बघता येईनासं होई. तोवर अशा कित्येकांवर पार्किन्सनचा शिक्का बसत असे.

यापुढची गोष्ट मुंबईची, आणि आपल्याकडे ती पुरेशी सांगितली जात नाही. जे. जे. रुग्णालयातले डॉ. नोशीर वाडिया यांच्याकडे तोल जाणारे, बोलणं अडखळणारे रुग्ण येत; घराण्यात तोच आजार असे. वाडियांचं लक्ष त्यांच्या डोळ्यांकडे गेलं. एका बोटावरून दुसऱ्या बोटाकडे बघा म्हटलं, तर निरोगी माणसाची नजर कधी पोचली ते कळतही नाही. या रुग्णांची बुबुळं मात्र सावकाश सरकताना नुसत्या डोळ्यांनी दिसत. उडीचा हुकूम सोडणाऱ्या पेशी मेंदूच्या देठात असतात आणि या आजारात त्याच झिजतात. १९७१मध्ये वाडिया आणि आर. के. स्वामी यांनी अशा ९ कुटुंबांची हकीकत 'ब्रेन' या नियतकालिकात छापली. हाताशी ना जनुकचाचणी होती, ना आजचे नजर टिपणारे कॅमेरे!

जनुक सापडलं १९९६मध्ये, बाराव्या गुणसूत्रावर. आजाराला 'एससीए२' असं रुक्ष नाव मिळालं. दोन वर्षांनी वाडिया आणि सहकाऱ्यांनी ६ भारतीय घराण्यांत तोच जनुकदोष दाखवला.

अल्झायमर, पार्किन्सनमध्येही नजरेच्या चाचण्यांत चुका वाढतात. पण वय, जागरण, झोपेच्या गोळ्या यांनीही डोळे असेच फसवतात. त्यामुळे 'मोबाईलसमोर बघा, स्मृतिभ्रंश ओळखा' छापाच्या दाव्यांवर मी तरी लगेच विश्वास ठेवणार नाही. एससीए२चं तसं नाही. हा आजार फार आढळतो त्या क्यूबातल्या होल्गीन प्रांतात संशोधकांनी दोष वारशात आलेले, पण अजून धड चालणारे लोक तपासले. त्यांची नजर आधीच मंदावू लागली होती.