राउटरमध्ये फीचर आधी आणि स्थिरता नंतर, असं का झालं?

राउटर म्हणजे नेटवर्कमधला डेटा योग्य मार्गाने पुढे पाठवणारं यंत्र. त्याच्या खरेदीच्या मोठ्या टेंडरसोबत फीचर्सचा तक्ता जोडलेला असतो. प्रत्येक ओळीपुढे कंपनीने ‘आहे’ किंवा ‘नाही’ भरायचं. एका ‘नाही’पायी ऑर्डर हातची जाते, म्हणून ते फीचर पुढच्या रिलीझमध्ये घाईने घुसवलं जातं. सॉफ्टवेअर किती महिने न कोसळता चालतं, याला तक्त्यात बहुधा रकानाच नसतो.

सिस्को या राउटर कंपनीच्या जुन्या आयओएसमध्ये (राउटर चालवणारं सॉफ्टवेअर, ॲपलचं नव्हे) सगळ्या प्रोसेस, म्हणजे एकाच वेळी चालणारे प्रोग्रॅम, एकाच मेमरीत चालत. एकीने दुसरीच्या जागेत चुकून लिहिलं की अख्खा राउटर बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. शिवाय रिलीझच्या शाखा वेगळ्या होत्या: मेनलाइन या मुख्य शाखेत फक्त बगदुरुस्ती, नवं सगळं ‘टी’ शाखेत. कागदावर हे चोख होतं. पण नवं कार्ड किंवा प्रोटोकॉल हवा असेल, तर बहुतेक वेळा ‘टी’च घ्यावी लागे. आणि पुढची मेनलाइन ‘टी’मधूनच निघायची, 12.4 ही आवृत्ती 12.3टी मधून आली. स्थिर म्हणवणाऱ्या शाखेचा पाया असा कोवळ्या कोडचा.

1998 मध्ये जुनिपर या स्पर्धक कंपनीने फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवर उभारलेलं जुनोस हे राउटर सॉफ्टवेअर आणलं, त्यात प्रोसेस वेगळ्या होत्या. 2004 मध्ये सिस्कोनेही सीआरएस-1 या मोठ्या राउटरसाठी क्यूएनएक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर आधारलेलं आयओएस एक्सआर काढलं. रचना सुधारली, चाचणीचं गणित तेच राहिलं. 27 ऑगस्ट 2010 ला राइप एनसीसी (युरोपात इंटरनेट पत्ते वाटणारी संस्था) आणि ड्यूक विद्यापीठाने प्रयोगासाठी बीजीपीत, म्हणजे राउटर एकमेकांना मार्ग कळवतात त्या प्रोटोकॉलमध्ये, एक अनोळखी पण नियमात बसणारं ॲट्रिब्यूट (मार्गासोबतची माहिती) सोडलं. एक्सआरने ते पुढे पाठवताना बिघडवलं, शेजारच्या राउटरनी सदोष अपडेट पाहून त्याच्याशी असलेलं सेशन, म्हणजे बीजीपीची जोडणी, तोडलं. सेशन पुन्हा जुळलं की तोच अपडेट येई आणि ते परत तुटे.

20 फीचर्सच्या जोड्याच 190 होतात. लॅबमध्ये एकेक फीचर तपासून होतं. बग दडतो तो जोडीत, नाहीतर महिनोन्‌महिने चालल्यावरच दिसणाऱ्या मेमरी लीकमध्ये (वापरलेली मेमरी परत न सोडण्याच्या चुकीत). रिलीझची तारीख ठरलेली असताना तेवढा वेळ कोणी देत नाही.

हे बदलण्याची खरी ताकद आमच्या मते खरेदीदाराकडेच आहे. नव्या शाखेचं पहिलं रिलीझ टाळावं, रिलीझ नोट्समधली न सुटलेल्या बगची यादी आपल्या कॉन्फिगरेशनशी ताडून पाहावी, न लागणारी फीचर्स बंद ठेवावीत. टेंडरमध्ये काही आठवडे सलग चालवायची चाचणी घालावी, तीही आपल्याच कॉन्फिगरेशनवर आणि रोजच्या मेमरी नोंदींसह. पैशाचा एक हप्ता त्या चाचणीच्या निकालाला बांधावा.