दूरस्थ देखरेख (हार्ट फेल्युअर व मूत्रपिंडविकार)

हार्ट फेल्युअरसोबत (हृदय शरीराला पुरेसे रक्त पोहोचवू न शकणे) मूत्रपिंडाचा जुनाट विकारही असलेल्या रुग्णाचे वजन, रक्तदाब, नाडी व लक्षणे घरूनच वैद्यकीय पथकाला कळवण्याची आणि त्यांवरून औषधे बदलण्याची पद्धत. हार्ट फेल्युअरच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत मूत्रपिंडेही कमजोर असतात.

हृदय कमी पडले की मूत्रपिंडांना रक्त कमी पोहोचते, शिवाय शिरांमधला दाब वाढल्याने त्यांतून रक्ताचा निचरा नीट होत नाही. इटालियन मूत्रपिंडतज्ज्ञ क्लाउदियो रोंको व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हृदय व मूत्रपिंडांच्या या परस्परसंबंधाचे पाच प्रकार मांडले. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वजन वाढले तर अंगात पाणी साठल्याचा संशय घ्यावा, हा नेहमीचा संकेत. या रुग्णांत तेवढ्यावर भागत नाही. लघवीची गोळी जास्त झाली तर शरीर कोरडे पडून मूत्रपिंडांची कमजोरी दाखवणारे रक्तातले क्रिअ‍ॅटिनिन वाढते. कमी पडली तर साठलेल्या पाण्यानेही तेच वाढते. हार्ट फेल्युअरवर दिल्या जाणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनसारख्या औषधांनी रक्तातले पोटॅशियम चढते, आणि ते वजनकाट्यावर दिसत नाही, बीपीच्या यंत्रावरही नाही. म्हणून अधूनमधून रक्ततपासणी नसलेली देखरेख या रुग्णांसाठी अर्धवटच म्हणायला हवी.

वजन वाढण्याच्या बऱ्याच आधी फुप्फुसधमनीतला (हृदयाकडून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमनीतला) दाब चढू लागतो. तो मोजणारा बॅटरीविना चालणारा छोटा संवेदक मांडीच्या शिरेतून कॅथेटरने (बारीक नळीने) त्या धमनीत बसवतात. रुग्ण खास उशीवर आडवा झाला की नोंद आपोआप जाते. ‘चॅम्पियन’ चाचणीत (२०११, ५५० रुग्ण) या दाबावरून औषधे बदलल्याने सहा महिन्यांत हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी घटले. संवेदक महाग आहे, ही त्याची मोठी अडचण.

त्याआधी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘टेली-एचएफ’ चाचणीत १,६५३ रुग्ण होते. देखरेखीच्या गटातले रुग्ण फोनवरच्या स्वयंचलित यंत्रणेला रोज वजन व लक्षणे सांगत. फायदा काहीच दिसला नाही. जर्मनीतील ‘टिम-एचएफ२’मध्ये (२०१८) मात्र चोवीस तास डॉक्टर व परिचारिका नोंदी पाहत होते, आणि तिथे मृत्यूही कमी झाले. नुसते आकडे गोळा करून उपयोग नाही, ते पाहून लगेच डोस बदलणारे कोणी हवे, असाच याचा अर्थ दिसतो. ‘चॅम्पियन’ व ‘टिम-एचएफ२’ या दोन्ही चाचण्यांत डायलिसिसवरचे रुग्ण घेतले नव्हते. त्यामुळे हे निष्कर्ष त्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.