दृष्टिबाधित रुग्ण आणि फार्मसीचं शिक्षण : सीमाभागातली पार्श्वभूमी

भारतात औषधनिर्माणशास्त्राचं विद्यापीठीय शिक्षण १९३२ साली बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी सुरू केलं. तेव्हा भर रसायनशास्त्रावर होता. १९४८ च्या फार्मसी कायद्यानंतरही विद्यार्थी मुख्यतः मिश्रणं आणि मलमं बनवायला शिकत राहिला. रुग्णाशी बोलण्याचा विषय टप्प्याटप्प्याने आला : १९९१ च्या नियमावलीत हॉस्पिटल आणि क्लिनिकल फार्मसी (रुग्णाच्या उपचारातला औषधांचा वापर), २००८ मध्ये फार्म.डी. ही रुग्णसेवेवर भर देणारी पदवी, २०१५ च्या प्रॅक्टिस नियमावलीत समुपदेशनाची, म्हणजे औषध कसं घ्यायचं ते रुग्णाला समजावण्याची जबाबदारी. २०२० च्या डी.फार्म. या पदविकेच्या अभ्यासक्रमात 'समुपदेशनातले अडथळे' हा भाग आहे आणि दृष्टी गेलेला माणूस वर्गात बहुधा तिथेच एका ओळीत उरकला जातो. खरा अडथळा वेष्टणावरची बारीक इंग्रजी अक्षरं हा आहे, हे मात्र शिकवायचं राहून जातं.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात ही अडचण आणखी वाढते. डॉक्टरची चिठ्ठी आणि गोळ्यांची पट्टी इंग्रजीत, घरची बोली मराठी, काउंटरपलीकडचा मुलगा कदाचित कन्नड. १९५१ मध्ये स्वीकारलेल्या भारती ब्रेलने, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या समान ब्रेल लिपीने, एक सोय केली आहे : मराठी 'ळ' आणि कन्नड 'ळ' दोन्ही ४-५-६ या ठिपक्यांनीच लिहिले जातात. बेळगाव शहरातल्या माहेश्वरी अंध शाळेसारख्या ठिकाणी शिकलेल्यांना ब्रेल लेबल उपयोगी पडतं. पण २०१५–१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधत्वाचं सर्वात मोठं कारण, सुमारे ६६ टक्के, मोतीबिंदू निघालं. उतारवयात नजर गेलेल्या आजींना ब्रेल येत नसतं. त्यांच्यासाठी पहिलं साधन आवाज. म्हणून मराठी घरातल्या विद्यार्थ्याने 'मुंजाने', 'ऊटा आद मेले' एवढं कन्नड तरी पाठ करावं आणि कन्नड विद्यार्थ्याने 'सकाळी', 'जेवणानंतर'.

सर्वात जास्त वेळ द्यायला हवा तो पट्टी कापण्याला. मुदत आणि बॅच नंबर बहुधा पट्टीच्या एकाच टोकाला असतात. चार गोळ्या सुट्या द्यायच्या तर ते टोक गिऱ्हाइकाच्या तुकड्यात राहायला हवं, म्हणजे घरचं माणूस किंवा मोबाइलचं वाचक अॅप ते वाचू शकतं. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. पट्टीवर जागा नसेल तर तो खोक्यावर छापतात, त्यामुळे खोकं दुकानात फेकायचं नाही. कंपनी बदलली की गोळीचा आकार बदलतो, आणि स्पर्शाने औषध ओळखणारा माणूस तिथेच फसतो. बदल झाला असेल तर तो स्पष्ट सांगून नवी गोळी हातात द्यावी. रबरबँड लावायचे तर (सकाळच्या डबीला एक, रात्रीच्या डबीला दोन) आधी विचारावं, घरी कोणती खूण चालते? आपली खूण लादली की दोन पद्धतींची गल्लत होते.

इन्सुलिनमधली चूक जिवावर बेतू शकते. कुपीतलं बहुधा मि.ली.ला ४० युनिटचं, पेनमधलं १०० चं. सिरिंज ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची, म्हणजे फरक रंगाचा आणि छापील खुणांचा, हाताला न कळणारा. १०० युनिटचं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने घेतलं तर डोस अडीचपट होतो. पेनचं बटण फिरवताना होणारे 'टिक' आवाज मोजून डोस लावावा असं बरेच जण सुचवतात, पण अनेक पेनांच्या माहितीपत्रकात फक्त टिकांवर विसंबू नका असं बजावलेलं असतं. पातळ औषधाचं सोपं : तोंडाने द्यायच्या सिरिंजचा दट्टा ५ मि.ली.पर्यंत ओढून, तो नळीतून बाहेर येतो तिथे ब्लेडने खाच पाडायची, नखाला ती लागते.

काचबिंदूवरच्या टिमोलॉल आणि लॅटॅनोप्रोस्ट या थेंबांच्या बाटल्या हाताला सारख्याच लागतात. पहिलं सहसा दिवसातून दोनदा, दुसरं रात्री एकदा. एकीला जाड टेप लावावी. दोन थेंबांत ५ मिनिटं अंतर, आणि थेंबानंतर नाकालगतचा डोळ्याचा कोपरा मिनिटभर दाबायचा. नाहीतर टिमोलॉल रक्तात उतरतं, दमेकऱ्याला ते धोक्याचं. बाटली उघडल्यावर महिन्याभरात टाकायची, म्हणून उघडल्याची तारीख दुकानातच मोठ्या ठळक अक्षरांत लिहून तोंडीही सांगावी.

वर्गात सुरक्षा-चष्म्यावर ट्रेसिंग पेपर चिकटवून मोतीबिंदूचं, तर मधोमध काळा ठिपका देऊन मध्यदृष्टी गेल्याचं प्रात्यक्षिक करता येतं. विद्यार्थ्याला लेबल का वाचता येत नाही ते त्यातून उमगतं. मात्र नजर नुकतीच गेल्यावरची धांदलच त्यात कळते, वीस वर्षं सराव असलेल्या माणसाची सफाई कळत नाही. म्हणून शिकवायला दृष्टिबाधित व्यक्तीच हवी, मानधन देऊन. गुण देताना तिने टेबलावरून योग्य औषध स्वतः निवडावं, टोपण उघडावं, डोस आपल्या शब्दांत सांगावा. तोवर विद्यार्थ्याने गप्प राहायचं, आणि सोबत आलेल्याकडे वळून बोलला तर गुण कापायचे.