पार्श्वभूमी: आरसी गाडीच्या डिफमध्ये सिलिकॉन तेल आले कसे

डिफरन्शियल, म्हणजे वळणात दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच. त्याला बोलताना डिफ म्हणतात. त्याचे पेटंट १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये निघाले. रेडिओवर चालणाऱ्या छोट्या (आरसी) गाड्या १९६० च्या दशकाच्या मध्यावर इटलीत बाजारात आल्या. एवढे सांगून पुढे जाऊ. सोलापूरच्या उन्हात मुरमाच्या मैदानावर गाडी पळवणाऱ्याला पडणारा प्रश्न याच्या बराच नंतरचा आहे: डिफच्या हाउसिंगमध्ये (बाहेरच्या डबीत) तेल का भरायचे, कोणते आणि किती?

गिअर डिफ आधी ग्रीसवर चालत. वळणात आतले चाक उचलले गेले की इंजिनाची ताकद त्या मोकळ्या चाकाकडे पळे आणि जमिनीवरचे चाक ढिम्म राही. त्यावर उपाय म्हणून हौशी मंडळी जमेल तितके घट्ट ग्रीस कोंबत. पण ग्रीस दातांवरून उडून हाउसिंगच्या भिंतीला चिकटते आणि तिथेच राहते. शर्यतीच्या पहिल्या फेरीतली गाडी शेवटच्या फेरीत वेगळीच वागे.

सिलिकॉनचा गुण मोठ्या गाड्यांत आधी दिसला होता. १९८० च्या मॉडेलच्या एका अमेरिकी फोर-व्हील-ड्राइव्ह कारमध्ये सिलिकॉन भरलेले व्हिस्कस कपलिंग होते. तत्त्व सोपे: दोन भागांच्या वेगातला फरक जितका जास्त, तितका द्रवाचा विरोध जास्त. आरसी गाडीत वेगळे कपलिंग बसवायला जागा नसते. तिथे हाउसिंगलाच गॅस्केट आणि ओ-रिंग लावून सील केले जाते, आणि साइड गिअर (चाकांच्या बाजूचे) व स्टार गिअर (मधल्या आडव्या पिनवरचे) तेलातच फिरतात. चाके सावकाश वेगळी फिरली तर तेल वाट देते, एक चाक एकदम सुटले तर अडवते. १:८ (खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्शाच्या) बग्गीत असे तीन डिफ असतात. पुढे ५,०००, मध्ये ७,००० आणि मागे ३,००० सेंटीस्टोकचे (सेंटीस्टोक हे घट्टपणाचे माप) तेल, ही अनेकांची सुरुवातीची सेटिंग.

१:१० च्या गाड्यांनी मात्र दुसरी वाट धरली होती आणि खरा वाद तिथला आहे. १९८० च्या सुमारास ब्रिटनमधल्या एका अभियंत्याने बॉल डिफ काढला. दोन कड्यांमध्ये बारीक गोळ्या, त्यांवर स्प्रिंगचा दाब, आणि तो कमी-जास्त करायला एक स्क्रू. वजन कमी, फिरणे मऊ, आणि सेटिंग बदलायला डिफ खोलावा लागत नाही. जवळपास ३ दशके १:१० मध्ये त्याचाच दबदबा होता. मग ब्रशलेस मोटर आणि लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी आली. ताकद इतकी वाढली की कड्या घसरू लागल्या, गोळ्यांनी त्यांवर चर पाडले. २०१० च्या आसपास टूरिंग गाड्या (सपाट ट्रॅकवर पळणाऱ्या) भराभर तेलाच्या गिअर डिफकडे वळल्या.

जुन्या लोकांना हा निर्णय पटला नाही. बॉल डिफ हाताने जाणवतो, गिअर डिफ जड असतो, प्रत्येक बदलाला सगळे उघडून तेल ओतावे लागते, असे ते म्हणत. यातला प्रत्येक मुद्दा खरा आहे. तरी माझे मत तेलाच्या बाजूचे आहे आणि कारण एकच: बॉल डिफचा स्क्रू किती पिळला हे बोटांच्या अंदाजावर ठरते, तेल मात्र बाटलीवरच्या आकड्याने आणि काट्यावरच्या वजनाने ठरते. आज जमलेली सेटिंग पुढच्या रविवारी तशीच पुन्हा बांधता येते. सुट्या धुळीवर पळणाऱ्या टू-व्हील-ड्राइव्ह बग्गीत बॉल डिफ अजून टिकून आहे, आणि आपल्याकडची मैदाने तशीच आहेत, हे मान्य. पण तीच बारीक धूळ गोळ्यांत शिरली की त्याचा मऊपणाच सर्वांत आधी जातो.

त्या आकड्याकडेही नीट पाहायला हवे. शॉकच्या (शॉक अॅब्सॉर्बरच्या) तेलाच्या बाटलीवरचे ‘४० वेट’ म्हणजे साधारण ५०० सेंटीस्टोक. डिफच्या बाटलीवरच्या ३,००० ला बोलताना वेट म्हणतात, पण ते सेंटीस्टोकच असतात आणि २५ अंश तापमानाला मोजलेले. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये सावलीतच पारा ४० पार जातो. ४० अंशांना सिलिकॉन तेल सुमारे पाव हिश्शाने पातळ होते, आणि पळून पळून हाउसिंग ६० अंशांवर गेले की जवळपास निम्मे. साधे खनिज तेल याहून कितीतरी जास्त पातळ होते, म्हणून लूमचे किंवा गाडीचे तेल इथे चालत नाही. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत बसलेली सेटिंग उन्हाळ्यात एक पायरी घट्ट करावी लागते ती यामुळेच.

उष्णतेने तेल फुगतेही: १० अंशांमागे सुमारे १ टक्का. काठोकाठ भरलेला डिफ तापला की आउटड्राइव्हच्या (चाकाकडे ताकद नेणाऱ्या टोकाच्या) ओ-रिंगमधून तेल बाहेर येते. फार कमी भरला तर हवा मिसळून फेस होतो आणि विरोध डळमळतो. स्टार गिअरची आडवी पिन जेमतेम बुडेल इतके भरायचे, हवेचे बुडबुडे वर येईपर्यंत थांबायचे, मग झाकण लावून स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. पुढच्या वेळी वजन तेवढेच ठेवायचे.

दुरुस्तीत सर्वांत दुर्लक्षित भाग ओ-रिंग. सिलिकॉन रबराची रिंग सिलिकॉन तेलात फुगते, त्यामुळे नायट्राइलची बरी. योग्य मापाची मिळाली तर बेअरिंग आणि ऑइल सीलच्या दुकानातलीही चालते. काढलेले तेल राखाडी दिसले तर गिअर झिजत आहेत. मग तेल बदलून भागत नाही, शिम (पातळ चकती) बदलून प्ले (ढिलेपणा) काढावा लागतो. धुताना थिनर वापरू नये, कारण बऱ्याच हाउसिंग प्लास्टिकच्या असतात. पेट्रोलने धुतले तर सगळे भाग पूर्ण कोरडे झाल्याशिवाय नवे तेल ओतू नये, कारण उरलेले पेट्रोल सिलिकॉनमध्ये विरघळते आणि बाटलीवरचा आकडा पहिल्याच दिवशी खोटा ठरतो.