हांडी खोहचा कडा उभा का?

विदर्भातल्या माणसाला मध्य प्रदेशातल्या पचमढीची ओळख करून द्यावी लागत नाही. ती मोठ्या महादेवाची जागा. शिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढणारे, नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीला जाणारे आमच्या एका गल्लीतच चार-पाच जण निघतील. दगडाबद्दल विचारलं तर पाय कुठं घसरतो ते ही मंडळी बरोबर सांगतात. दिवाळीनंतरच्या आठवड्यात मी भाच्याला घेऊन गेलो ते मात्र दर्शनाला नाही, दऱ्या बघायला. भाचा आठवीत आहे. अमेरिकेतली ग्रँड कॅनियन त्यानं मोबाइलवर पाहून ठेवली होती: 446 किलोमीटर लांब, दीड किलोमीटरहून जास्त खोल. तिच्यापुढं आपली पचमढी काय दिसणार, हे त्याचं मत गाडीत बसायच्या आधीच ठरलेलं होतं.

पहाटे चारला निघालो. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली आणि मग पचमढी. अडीचशे किलोमीटरच्या आसपास. या वाटेवर सौंसरच्या बाजूला मँगनीज लागतं, परासियाला कोळसा. पण मला भाच्याला दोनच दगड दाखवायचे होते. त्यातला पहिला तर घरूनच घेतला होता, गल्लीतल्या ढिगातला गिट्टीचा एक खडा. हा काळा बेसाल्ट. सीताबर्डीची टेकडी याचीच आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक थरांनी पसरला, त्याचा हा पूर्वेकडचा काठ. नागपूर अगदी या काठावर वसलंय. शहराच्या पूर्वेला गेलं की बेसाल्ट संपतो आणि त्याहून कितीतरी जुने खडक सुरू होतात.

परासिया मागं पडल्यावर आणखी एक गोष्ट बदलते, ती डोळ्यांना दिसत नाही. अलीकडचं पाणी कन्हानला मिळून वैनगंगेतून गोदावरीत, म्हणजे बंगालच्या उपसागरात जातं. पलीकडचं देनवा-तवेतून नर्मदेत आणि अरबी समुद्रात. पुढं जे सांगायचंय त्यात या पाणलोटाला महत्त्व आहे.

पचमढीत आपली गाडी ठेवून परवाना काढायचा आणि जिप्सी करायची, ही तिथली रीत. 1981 साली झालेल्या सातपुडा राष्ट्रीय उद्यानाचा हा भाग. पहिला थांबा हांडी खोह, इथली एक खोल दरी. धुकं इतकं होतं की कठड्यापाशी अर्धा तास नुसतं पांढरं बघत उभे होतो. मग ते एका बाजूनं उचलल्यासारखं झालं आणि समोर कडा दिसला. तीनशे फूट सांगतात. आकड्यापेक्षा त्याचा सरळपणा अंगावर येतो. ओळंबा सोडून बांधलेली भिंत असावी तसा. खाली झाडांचे शेंडे, आणि त्याच्याही खाली कुठंतरी पाण्याचा आवाज.

"मामा, पाणी त दिसूनच नाही राहिलं. एवढा खड्डा केला कोणं मग?"

प्रश्न रास्त होता. तिथली दंतकथा म्हणते की इथं तळं होतं, महादेवानं एका नागाला इथं कोंडलं आणि तळं आटलं. भूविज्ञानाचं उत्तर दोन भागांत द्यावं लागतं, आणि बहुतेक लोक पहिल्याच भागावर थांबतात.

पहिला भाग खोदण्याचा. नोव्हेंबरातला ओढा बघून नदीची ताकद कळत नाही. पचमढीला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, नागपूरच्या जवळजवळ दुप्पट, आणि त्यातला बराचसा तीन-चार महिन्यांत. वाहत्या पाण्याचा एक जुना नियम आहे: वेग दुप्पट झाला तर पाणी ढकलू शकेल अशा सर्वांत मोठ्या दगडाचं वजन दुप्पट नाही, चौसष्टपट होतं. म्हणजे पुराचे चार दिवस उरलेल्या वर्षाला भारी पडतात. वेगाला उतार लागतो, आणि तो इथं आहे. पचमढीचं पठार हजार मीटरच्या वर, धूपगड 1,350 मीटर, आणि उत्तरेला नर्मदेचं पात्र तीनशे मीटरच्या आसपास. एवढ्या थोड्या अंतरात एवढं उतरायचं म्हटल्यावर पाणी खाली खरवडतच जाणार. त्याचं हत्यारही त्याच्याजवळच असतं, सोबत वाहत आलेली वाळू आणि गोटे. ओढ्याच्या पात्रात रांजणासारखे गोल खळगे दिसतात, त्यांत भोवऱ्यानं गरगर फिरलेले गोटे कधीकधी तसेच बसलेले असतात.

पण नदी फक्त खाली कापते. तेवढ्यानं भिंत होत नाही. नदी खाली जात असताना काठ ढासळत राहिले तर इंग्रजी व्ही अक्षरासारखी पसरट दरी होते. कडा उभा राहिला तो खडकामुळं, आणि हाच मला दाखवायचा दुसरा दगड.

चहाच्या टपरीमागं एक रचीव गडगा होता. त्यातल्या लालसर दगडाला भिंग लावून भाच्याला बघायला दिलं. साखरेसारखे कण, कडा झिजलेले, आणि मधल्या फटींत कणांना धरून ठेवणारा लोखंडाचा तांबूस थर. हा वालुकाश्म. नाव जड वाटतं. आमच्या नागपुरी भाषेत सांगायचं तर घट्ट झालेली रेती. साधारण 25 कोटी वर्षांपूर्वी मोठ्या नद्यांनी इथं रेती आणून टाकली, शेकडो मीटर जाडीची. तेव्हा भारत गोंडवन या महाखंडाचा तुकडा होता, आणि त्या खंडाचं नावच या गोंडांच्या मुलुखावरून पडलंय. गडग्यातल्या एका दगडावर बारीक तिरक्या रेघा होत्या, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. त्या नदीचं पाणी कोणत्या दिशेला वाहत होतं, ते या रेघा सांगतात.

मग बाटलीतलं थोडं पाणी गिट्टीच्या खड्यावर टाकलं, थोडं या दगडावर. खड्यावरून ओघळून गेलं. वालुकाश्मावर डाग पसरला आणि बघता बघता जिरला. म्हणजे पाऊस काठ धुऊन नेण्याऐवजी आत जिरतो. असा खडक वर उचलला जाताना त्याला उभ्या भेगा पडतात. पाणी त्यांत शिरतं, झाडांची मुळं शिरतात, भेग रुंदावते. खाली बिजोरी नावानं ओळखले जाणारे मऊ थर आहेत. ते झिजले की वरच्या खडकाचा पाया जातो आणि भेगेच्या रेषेत अख्खी फळी सुटून पडते. मागं राहतं ते पुन्हा उभंच. कडा झिजत नाही असं नाही, तो मागं सरकतो, पण सरळ राहून. बेसाल्टच्या डोंगरांची तऱ्हा वेगळी. लाव्हाचे कठीण-मऊ थर आडवे असल्यानं तिथं पायऱ्या पडतात. या थरांना दख्खनचा ट्रॅप म्हणतात, आणि 'ट्रॅप' हा शब्द मुळात पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आलाय.

एक गल्लत मात्र नेहमी होते. खडक 25 कोटी वर्षांचा म्हणून दरीही तेवढी जुनी, असं नाही. दरी त्या मानानं कालची. कापड जुनं, काप नवा.

दगड बदलला की झाडंही बदलतात. पचमढीच्या वालुकाश्मावर सालाची झाडं आहेत, आसपासच्या काळ्या मातीवर सागाची. रस्त्यावरून जाताना नुसत्या पानांवरून खाली कोणता दगड आहे ते ओळखायचा खेळ आम्ही तासभर खेळलो, भाचा जिंकला. घळींच्या तळाशी ऊन जेमतेम पोचतं, भिंतींतून झिरपणारं पाणी उन्हाळ्यातही आटत नाही. म्हणून मध्य भारताच्या ऐन मधोमध तिथं वृक्षनेचे, म्हणजे झाडासारखे वाढणारे फर्न, तगून आहेत, एरवी सह्याद्रीच्या ओल्या रानात दिसावेत असे. वर साल, खाली नेचे, मधे तीनशे फूट. वाघ दिसला नाही. शेकरू दिसलं, आणि ते मला पुरलं.

धूपगडावर सूर्य बुडताना भाच्यानं खरा प्रश्न विचारला. "असा दगड आपल्याकडं नाही काय?"

आहे न. कामठीच्या बाजूला याच गोंडवन काळातले वालुकाश्म आहेत, कोळशाच्या थरांवर बसलेले. खडकांच्या या मालिकेला कामठीचंच नाव आहे. दगड आहे, पाऊस आहे, कन्हानसारखी नदी आहे. पण नागपूर 310 मीटरवर, आणि इथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. कन्हानला पडायला जागाच नाही, ती खोदणार काय? ती रेती वाहते आणि आपण त्या रेतीनं घरं बांधतो.

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो. शेजारच्या बांधकामाची रेती फाटकाबाहेर पडली होती. संध्याकाळी बघतो तर भाचा मग्गा घेऊन ढिगावर. ओल्या रेतीत पाण्याची धार सोडून त्यानं वीतभर खोल घळ पाडली होती, दोन्ही भिंती अगदी उभ्या. ओलाव्यानं कण एकमेकांना धरून होते. सकाळी ऊन लागल्यावर भिंती ढासळून दोन्हीकडं उतार झाला होता.

"मामा, याच्यात लोखंड टाकायला पायजे होतं," तो म्हणाला, आणि ठेकेदार यायच्या आत मग्गा लपवायला पळाला.