घाटात रेडिओ का जातो?

परतवाड्याहून मेळघाटातल्या सेमाडोहच्या रस्त्याला लागलं की घाटात एफएम खरखरायला लागतं आणि दोन-चार वळणांत पार गप्प होतं. लोक गाडीतल्या टेपला शिव्या घालतात. टेपचा दोष आहेच, पण थोडा. खरी गोष्ट लहरी बदलल्याची आहे.

आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालं, ते मध्यम लहरींवर. ५८५ किलोहर्ट्‌झ हा त्याचा आकडा जुन्या श्रोत्यांना पाठ आहे. ही लहर पाचशे मीटरहून लांब. जमिनीला धरून चालते, टेकडीला वळसा घालते. त्यात वऱ्हाडातली ओल धरणारी काळी माती तिला खडकाळ जमिनीपेक्षा अधिक मानवते. रात्री मात्र वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतलेली दूरदूरची स्टेशनं मधे घुसतात.

पुढे अकोला, यवतमाळ, चंद्रपूर इथे एफएम आलं. आवाज स्वच्छ, पण लहर जेमतेम तीन मीटरची आणि सरळ रेषेत जाणारी. म्हणूनच चिखलदऱ्याच्या पठारावर खालच्या मैदानातलं स्टेशन लागू शकतं आणि सेमाडोहच्या खोऱ्यात काहीच नाही. २८ एप्रिल २०२३ रोजी देशभरात १०० वॅटची ९१ एफएम प्रक्षेपण केंद्रं सुरू झाली. त्यांत गडचिरोलीतले अहेरी आणि सिरोंचाही होते. चांगलंच झालं. पण १०० वॅटचा पल्ला गाव आणि आजूबाजूचा टापू एवढाच. दोन्हींच्या मधला जंगलरस्ता कोराच राहतो.

इकडे गाडीही बदलली. पत्र्याच्या आत लहर नीट पोचत नाही, म्हणून पूर्वी बॉनेटच्या कडेला ओढून लांब करायची एरियल असे (पोरं ती हमखास मोडत). एफएमला साधारण ७५ सेंटिमीटर लांबी उत्तम. आता छतावर शार्क फिन, म्हणजे माशाच्या परासारखी बुटकी एरियल, असतो. आतल्या अॅम्प्लिफायरवर तो शहरात निभावतो, दुबळ्या सिग्नलला तोकडा पडतो. कित्येक नव्या टेपमध्ये तर एएमच, म्हणजे मध्यम लहरी पकडायची सोयच, नसते.

एएम असूनही नागपूर लागत नसेल, तर सेटिंगमधला प्रदेश बघावा. आपल्याकडे स्टेशनं ९ किलोहर्ट्‌झच्या टप्प्यानं असतात. अमेरिकेचं सेटिंग १० चं. तसा टेप ५८० वरून थेट ५९० वर उडी मारतो. आणि लायटरच्या खोबणीतला स्वस्तातला मोबाइल चार्जर एकदा काढून पाहावा. मध्यम लहरींवरची पुष्कळशी गुणगुण बरेचदा त्याचीच असते.